रकाना अकरा

कायदा म्हणतो, या वेळी सरकारी माणसांनी बाहेर जायचं.
म्हणून आम्ही बाहेर,
रग्बी क्लबाच्या आवारात, मोटारीच्या काचा वर करून,
मी आणि समाजसेविका मेरिआना,
दोघींत एक थर्मास.

आत एकवीस माणसं.
पारेकुरा आजी, तिच्या दोन बहिणी,
खाटीकखान्यातून अर्धी पाळी सोडून आलेला हेमी,
ऑस्ट्रेलियातल्या खाणीवरून फोनवर हजर असलेला काका :
त्याच्यासाठीही एक खुर्ची, खुर्चीवर फोन.
आणि या मांडीवरून त्या मांडीवर जाणारा
चार वर्षांचा रेवी,
ज्याच्या दंडावरचे डाग डॉक्टरांनी मोजलेत.

माझ्याकडे चौदा रकाने.
हजर किती. मिनिटं किती. आराखडा झाला : हो, नाही.
अकरावा : कुटुंबाचा सहभाग, एक ते पाच.
आतून आधी प्रार्थना ऐकू आली, मग आरडाओरडा,
एक खुर्ची पडली (फोनवाली नसावी),
मग बराच वेळ काहीच नाही.
काहीच नाही, याला रकाना नाही.

मेरिआना म्हणाली, आमच्यात फानाउ म्हणजे कुटुंब
आणि फानाउ म्हणजेच बाळंत होणं.
तेव्हा बस गप.
बसलो,
बाळंतिणीच्या दाराबाहेर ताटकळणाऱ्या बाप्यांसारख्या.

तिसऱ्या तासाला कागद आला,
सामन्यांच्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर :
रेवी पारेकुराकडे.
ब्रॉडीनं पिऊन फाटकाच्या आत यायचं नाही.
फाटकाची चावी हेमीकडे.
मंगळवारी अताफाईला दवाखान्यात न्यायचं नॅनी किरीनं,
पेट्रोल काकाचं.
आणि खाली, वेगळ्या अक्षरात :
पोरीला एकटं टाकायचं नाही.
पोरगी म्हणजे अताफाई. रेवीची आई. वय वीस.

मी अकराव्यात पाच लिहायला गेले
आणि हात थांबला.
हेस्टिंग्जमध्येही मी पाच लिहिले होते.
तिथे आराखडा सुबक, टंकलिखित, सगळ्यांच्या सह्या,
आजोबांचा मान राखून प्रत्येकजण बोललेला.
कुटुंबानं कुटुंबाला सांभाळलं.
मुलीला नाही.
झाकली मूठ झाकलीच राहिली,
ती कुणावर वळलेली होती
ते कळलं हाताच्या एक्स-रेत.

हे मी मेरिआनाला सांगितलं. म्हणजे, विचारलंच :
अशा वेळी उचलूनच न्यायला हवं ना मूल?
तिनं थर्मासचं झाकण घट्ट केलं.
मला नेलं होतं, म्हणाली. सहाव्या वर्षी, अशाच मोटारीत.
मोठी झाल्यावर फाईल मागवली मी माझी.
मूल सुरक्षित : हो.
त्या 'हो'खाली सही कुणाची ते लागत नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा गेले.
रेवीच्या पायात कुणाचे तरी मोठे गमबूट.
चावी हेमीच्या गळ्यात, दोरीत.
अताफाई दोन मंगळवार गेली नव्हती,
नॅनी किरी तरी जाऊन तिच्या दारात बसून आली होती.
फाटकाबाहेर पालथ्या बादलीवर ब्रॉडी.
पिऊन होता की नव्हता, मला सांगता येणार नाही.
पारेकुरानं त्याला तारेवरून चहा दिला,
फाटक उघडलं नाही.

याला किती देऊ?
दिलेल्या चहाचे किती, न उघडलेल्या फाटकाचे किती,
आणि पुढच्या शनिवारी, पगाराच्या रात्री,
हेमीला झोप लागली तर?

रेवीनं विचारलं, तू काय लिहितेस.
म्हटलं, तुझं बरं चाललंय का ते.
त्यानं पेन मागितलं.
ओढ्यात काल वाम सापडली होती, ती एवढी होती :
अकरापासून चौदापर्यंत, आणि शेपूट समासात.

मी फॉर्म तसाच पाठवला.
वेलिंग्टनहून फोन आला :
अकरा वाचता येत नाहीये.
म्हटलं, हो.